एका घरातली दोन नावे

वायफाय एक्स्टेंडर हे भिंतीवरच्या प्लगमध्ये बसणारे छोटे यंत्र राउटरकडून आलेला रेडिओ संदेश पकडते आणि आपल्या अँटेनातून पुन्हा पाठवते. हॉलमधल्या राउटरची रेंज मागच्या बेडरूमपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा मधल्या पॅसेजमध्ये हे यंत्र लावतात. ते सुरू करताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : या यंत्राने राउटरचेच नाव धारण करायचे की स्वतःचे वेगळे नाव सांगायचे? वेगळे नाव निवडले की फोनच्या यादीत एकाच घराची दोन नावे दिसू लागतात. पुष्कळांना हा घोटाळा वाटतो, काहींना यंत्राचा दोष वाटतो. प्रत्यक्षात या दुसऱ्या नावामागे शंभर वर्षांहून जुनी परंपरा आणि १९९७ साली घेतलेला एक तांत्रिक निर्णय आहे. तो निर्णय समजला की नाव एक ठेवावे की दोन, हे प्रत्येकाला आपापल्या घरापुरते ठरवता येते.

संदेश मधल्या टप्प्यावर पकडून पुढे पाठवणे ही कल्पना बिनतारीपेक्षा जुनी आहे. तारायंत्रातला विद्युतप्रवाह लांब तारेतून जाताना क्षीण होतो. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी विद्युतचुंबकाची अशी रचना केली, की क्षीण प्रवाहाने एक कळ ओढली जावी आणि त्या कळीने ताज्या बॅटरीचा जोरकस प्रवाह पुढच्या तारेत सोडावा. हाच रिले. हिंदुस्थानात १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडली गेली. तेथे सुरुवातीला हे काम माणसेच करत. मधल्या कचेरीतला तारमास्तर आलेला मजकूर उतरवून घेई आणि पुढच्या कचेरीकडे पुन्हा ठोकून पाठवी. एका वेळी एकच काम होई : ऐकणे किंवा पाठवणे. आजच्या स्वस्त एक्स्टेंडरची मर्यादाही नेमकी हीच आहे. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

तारेला नावाची फारशी गरज नव्हती, कारण तार कुठून कुठे जाते हे ठरलेले असे. बिनतारी आली आणि हवेत कोण बोलत आहे हे सांगणे भाग पडले. १९०६ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय करारात प्रत्येक केंद्राला तीन अक्षरांचे संकेतनाम असावे असे ठरले. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'चे संकेतनाम 'एमजीवाय' होते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्याचे संकेतनाम '७ बीवाय', तर त्याच वर्षी सुरू झालेल्या कलकत्ता केंद्राचे '७ सीए'. पुढे भारतीय केंद्रांची नावे 'व्हीयू'ने सुरू होऊ लागली आणि मुंबई 'व्हीयूबी' झाली. ही नावे सरकार देई, ती नोंदवहीत लिहिली जात आणि एक नाव दोघांना कधीच मिळत नसे. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने तर बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही परवाना लागू केला. हवेतले नाव ही त्या काळी राजमान्य गोष्ट होती.

वायफायने ही शिस्त मोडली, आणि ती मोडण्याची वाट दोन टप्प्यांत तयार झाली. १९४७ साली अटलांटिक सिटी येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही कंपनपट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखले गेले. मायक्रोवेव्ह भट्टीचा २.४५ गिगाहर्ट्झ त्यांपैकीच. ही यंत्रे संदेश पाठवत नाहीत, पण गोंगाट करतात. म्हणून हा पट्टा दळणवळणाच्या दृष्टीने उकिरडा मानला जाई. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने याच उकिरड्यावर विनापरवाना बोलायला मुभा दिली. अट एवढीच, की संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवायचा आणि शक्ती मर्यादेत ठेवायची. या निर्णयामागे आयोगातले अभियंते मायकेल मार्कस यांचा मोठा आग्रह होता. परवाना गेला, त्याबरोबर नाव देणारे सरकारही गेले. आता नाव कोण देणार?

पहिले उत्तर आकड्यांत आले. रोख नोंदणी यंत्रे बनवणाऱ्या एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील शाखेने १९९० च्या सुमारास 'वेव्हलॅन' नावाची बिनतारी जोडणी तयार केली. दुकानातली गल्ल्याची यंत्रे हलवताना दरवेळी जमीन खोदून तारा टाकाव्या लागू नयेत, ही मूळ गरज. वेव्हलॅनमध्ये प्रत्येक जाळ्याला सोळा बिटांचा एक क्रमांक असे, आणि तो जुळला तरच यंत्रे एकमेकांचे ऐकत. याच शाखेतले विक हेस १९९० पासून दहा वर्षे आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या, बिनतारी जाळ्यांचे मानक ठरवणाऱ्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष होते. जून १९९७ मध्ये या समितीचे मानक मंजूर झाले आणि त्यात क्रमांकाच्या जागी नाव आले. तांत्रिक भाषेत त्याला एसएसआयडी म्हणतात. लांबी जास्तीत जास्त ३२ बाइट. हे नाव मालकाने स्वतः ठेवायचे, कुठेही नोंदवायचे नाही, आणि शेजाऱ्याने तेच ठेवले तरी हरकत घ्यायला कोणी नाही.

बत्तीस बाइटची ही मर्यादा इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने ठरली. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे मराठी नावाला जेमतेम दहा चिन्हे मिळतात. 'ज्ञानेश्वर' या शब्दात बरोबर दहा चिन्हे आहेत. तीस बाइटमध्ये हे नाव बसते. 'ज्ञानेश्वरी' लिहायला गेले की तेहेतीस बाइट होतात आणि एका बाइटने नाव नाकारले जाते. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी खूण मानकात २०१२ च्या आवृत्तीत आली, म्हणजे पहिल्या मानकानंतर तब्बल पंधरा वर्षांनी. महाराष्ट्रातल्या घराघरांतली वायफायची नावे रोमन लिपीत का, याचे एक कारण या हिशोबात आहे. जिथे आधीच नाव पुरते बसत नाही, तिथे एक्स्टेंडरने शेपटाला आणखी अक्षरे जोडली तर मराठी नाव टिकणे अवघडच.

१९९७ च्या मानकातला दुसरा निर्णय अधिक दूरगामी ठरला. एकाच नावाची अनेक केंद्रे, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, असू शकतात, असे समितीने मान्य केले. गोदामे, रुग्णालये, मोठी कार्यालये डोळ्यांसमोर होती. छतावर ठिकठिकाणी केंद्रे, ती सगळी मागून तारेने जोडलेली, आणि हातात बारकोड वाचणारे यंत्र घेऊन माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाललेला. नाव एकच असल्याने त्याचे यंत्र एका केंद्राचा हात सोडून दुसऱ्याचा धरते. माणसाला कळतही नाही. प्रत्येक केंद्राचा स्वतःचा अठ्ठेचाळीस बिटांचा पत्ता असतोच. यंत्रे तो ओळखतात, पडद्यावर मात्र एकच नाव दिसते. पुढे रेल्वे स्थानकांवर हीच सोय भारतीयांच्या अनुभवाला आली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगल यांची मोफत वायफाय सेवा सुरू झाली, २०१८ च्या मध्यापर्यंत ती चारशे स्थानकांवर पोहोचली. ज्याने एका स्थानकावर या सेवेचे नाव जोडले, त्याच्या फोनने पुढच्या स्थानकावर तेच नाव ओळखले.

पण एका केंद्राचा हात सोडून दुसऱ्याचा कधी धरायचा, हे ठरवणार कोण? मानकाने हा अधिकार केंद्राला दिला नाही, हातातल्या यंत्राला दिला. आणि त्याने तो कसा वापरावा हे सांगितले नाही. मोबाइल दूरध्वनीत उलटे असते. तिथे टॉवर आणि त्यामागची यंत्रणा फोनला एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात सोपवते. वायफायमध्ये फोन स्वतःच्या मर्जीने चालतो, आणि प्रत्येक कंपनीच्या फोनची मर्जी निराळी. ॲपलने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार आयफोन उणे ७० डीबीएमपर्यंत (हे संदेशाची ताकद मोजण्याचे एकक; उण्यापुढचा आकडा मोठा तितका संदेश क्षीण) जुन्या केंद्राला धरून राहतो, त्याखाली गेल्यावरच नवे शोधू लागतो. मॅक संगणक उणे ७५ पर्यंत थांबतो. शोधल्यावरही नवे केंद्र ठळकपणे सरस असल्याशिवाय आयफोन हलत नाही. एक्स्टेंडरच्या दुसऱ्या नावाचे मूळ इथे आहे.

घरात वायफाय आले ते जुलै १९९९ मध्ये. न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात ॲपलने आयबुक संगणकाबरोबर 'एअरपोर्ट' केंद्र मांडले. किंमत २९९ डॉलर. आतले कार्ड ल्युसेंटचे, म्हणजे वेव्हलॅनच्याच घराण्यातले. त्याच वर्षी ८०२.११बी मानकाने वेग सेकंदाला ११ मेगाबिटवर नेला, उत्पादकांची संघटना उभी राहिली आणि इंटरब्रँड या संस्थेकडून तिने 'वायफाय' हे नाव घडवून घेतले. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले. ते ओळखीचे नाव दिसले की आपोआप जोडून घेई. त्या वर्षांत अमेरिकेतील पुष्कळ ग्राहक राउटर खोक्यातून काढून तसाच लावत, त्यामुळे वस्तीच्या वस्तीत 'लिंक्सिस', 'नेटगिअर' किंवा नुसते 'डिफॉल्ट' ही कारखान्याची नावे दिसत. एका घरातला संगणक शेजारच्या त्याच नावाच्या राउटरला बिनबोभाट जोडला जाई. एक नाव आणि अनेक केंद्रे ही सोय, केंद्रे एका मालकाची नसतील तर धोका ठरते, हे जगाला इथे पहिल्यांदा दिसले.

भारतात कायद्याची दारे जानेवारी २००५ मध्ये उघडली. केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला आणि १९३३ च्या कायद्याची बेडी घरगुती वायफायपुरती सुटली. पाच गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. या दोन तारखांच्या मध्ये मुंबईने नाव आणि पासवर्ड यांचा धडा फार कडूपणे घेतला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी गेलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वायफायवरून पाठवला गेला होता. घरमालकाचा त्यात हात नव्हता. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय जाळी शोधत फिरण्याची मोहीम जाहीर केली आणि पाठोपाठ दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. एक्स्टेंडर बसवणाऱ्याने हे विसरू नये. नवे यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर जे तात्पुरते नाव दाखवते, ते अनेकदा पासवर्डविना असते. मांडणी पूर्ण करून पासवर्ड लावेपर्यंत काम अर्धेच झालेले असते.

आता खुद्द एक्स्टेंडर. राउटरला राउटर बिनतारी जोडण्याची तरतूद १९९७ च्या मानकात होती. नेहमीच्या संदेशावर तीन पत्ते असतात, या प्रकारात चार लिहिता येत. पण अशी जोडणी प्रत्यक्षात कशी उभी करायची हे मानकाने सांगितले नाही, म्हणून प्रत्येक उत्पादकाने ती आपापल्या पद्धतीने केली. डब्ल्यूडीएस या नावाने ती ओळखली जाई. दोन्ही यंत्रांत एकमेकांचे बारा आकडी-अक्षरी पत्ते हाताने भरायचे, चॅनेल एकच ठेवायचे, आणि यंत्रे बहुधा एकाच कंपनीची हवीत. ॲपलने २००४ साली थेट भिंतीच्या प्लगमध्ये बसणारे 'एअरपोर्ट एक्स्प्रेस' आणले. आजच्या एक्स्टेंडरचे रूप त्यात दिसते, तरी तेही आपल्याच घराण्यातल्या केंद्राशी नीट जमवून घेई.

यातून सुटकेची वाट वेगळ्याच अंगाने निघाली. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर लिनक्सवर चालत होता, आणि लिनक्सच्या परवान्याच्या अटीमुळे कंपनीला २००३ मध्ये त्याची आज्ञावली खुली करावी लागली. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी असे हौशी लोकांचे प्रकल्प उभे राहिले. एकाच रेडिओला दोन भूमिका देता येतात, हे अशा प्रकल्पांतून घरोघरच्या हौशींपर्यंत पोहोचले. राउटरच्या दृष्टीने ते यंत्र एक साधा ग्राहक, लॅपटॉपसारखे. आणि घरातल्या फोनच्या दृष्टीने ते एक केंद्र. चौथ्या पत्त्याची गरज उरली नाही. मधले यंत्र प्रत्येक फोनचा पत्ता बदलून स्वतःचा लावते आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोहोचवते. आता राउटर कोणत्याही कंपनीचा चालला. डीडी-डब्ल्यूआरटीच्या या मांडणीत दोन नावांसाठी दोन जागा असत. एक रकाना राउटरच्या नावाचा, दुसरा यंत्र स्वतः जाहीर करील त्या नावाचा. म्हणजे दुसरे नाव हे या रचनेतच जन्मले होते.

२००७ साली आलेल्या डब्ल्यूपीएस बटणाने ही मांडणी सामान्य माणसाच्या हातात आणली. राउटरचे बटण दाबायचे, दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचे दाबायचे, पासवर्ड आपोआप इकडून तिकडे जातो. मग एक्स्टेंडर राउटरचे नाव उचलतो आणि त्याला 'ईएक्सटी' असे शेपूट जोडतो; नेटगिअरने ही चाल रूढ केली. २०११ च्या अखेरीस डब्ल्यूपीएसच्या पिन पद्धतीत मोठे छिद्र सापडले आणि डब्ल्यूपीए३ सुरक्षेबरोबर तर ही पद्धत चालतच नाही. म्हणून आता बहुतेक यंत्रे ॲपमधून किंवा ब्राउझरमधून मांडतात : एक्स्टेंडरच्या तात्पुरत्या नावाला फोन जोडायचा, यादीतून घरचे वायफाय निवडायचे, त्याचा पासवर्ड द्यायचा, मग नव्या नावाचा रकाना भरायचा. पासवर्ड तोच ठेवला तर घरच्यांचे लक्षात ठेवण्याचे ओझे वाढत नाही.

वेगळ्या नावाबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. नाव वेगळे म्हणजे जाळे वेगळे नव्हे. दोन्ही नावांवरच्या यंत्रांना पत्ते तोच राउटर देतो. हॉलमधल्या राउटरवर असलेल्या प्रिंटरला मागच्या खोलीतला, एक्स्टेंडरवरचा लॅपटॉप एरवी दिसतो तसाच दिसतो. बदलते ते एवढेच, की कोणत्या केंद्राला जोडायचे हा निर्णय फोनच्या मर्जीवरून माणसाच्या हाती येतो. एकच नाव असलेल्या घरात मागच्या बेडरूममध्ये बसलेल्याचा फोन हॉलमधल्या राउटरला उणे ६९ वर चिकटून राहतो, एक्स्टेंडर चार हातांवर असूनही. नेट रखडते आणि दोष कोणाचा हे कळायला मार्ग नसतो, कारण पडद्यावर नाव एकच. दोन नावे असली तर आपण कोणावर आहोत हे वाचता येते. एक्स्टेंडर कुठे बसवावा हे ठरवताना या वाचता येण्याचे मोल फार आहे.

कारण जागेची चूक सर्रास होते. जिथे रेंज मुळीच येत नाही, त्याच खोलीत एक्स्टेंडर लावला जातो. ज्याला ऐकूच येत नाही तो पुढे काय सांगणार? त्याची जागा राउटर अजून स्पष्ट ऐकू येतो त्या शेवटच्या ठिकाणी. महाराष्ट्रातल्या इमारतींत हे ठिकाण अंदाजापेक्षा जवळ असते. फायबरची तार दारातून आत येते, म्हणून केबलवाला राउटर दाराशीच लावून जातो. पुढे आरसीसीचे खांब, आणि त्यांतल्या सळयांची जाळी. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, पाचच्या लाटेची साडेपाचच्या आसपास. धातूच्या अशा जाळीतून त्या सहज पार होत नाहीत. कोकणातल्या जांभ्याच्या किंवा जुन्या वाड्याच्या दगडमातीच्या जाड भिंतीही लाटा शोषतात. पाणी तर २.४ गिगाहर्ट्झचे मोठे शोषक आहे, तेव्हा वाटेत टाकी असेल तर बाजूने जावे.

तारमास्तराची मर्यादा इथे पुन्हा भेटते. एकाच रेडिओचा एक्स्टेंडर एकाच चॅनेलवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा पाठवतो, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. २००९ च्या ८०२.११एन मानकानंतर दोन पट्ट्यांची यंत्रे रुळली, तेव्हा राउटरशी पाच गिगाहर्ट्झवर आणि फोनशी २.४ वर बोलणे शक्य झाले. त्याबरोबर नावे मात्र चारपर्यंत वाढली : राउटरची दोन, एक्स्टेंडरची दोन. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा हवेत पुकारले जाते, आणि तेही सगळ्यात मंद वेगाने. नावे फार झाली की या पुकाऱ्यातच हवेचा वेळ जातो. दोन नावांचा पुरस्कार करताना हे मान्य करायलाच हवे. दुसरी अडचण चालण्याची. फोनवर बोलत मागच्या खोलीतून हॉलमध्ये आलेला माणूस एक्स्टेंडरच्याच नावावर राहतो, आणि ते पुरते तुटेपर्यंत फोन नाव बदलत नाही. बदलला तरी चालू कॉल बहुधा तुटतो.

ही तक्रार मानकांनीही ऐकली. २००८ मध्ये ८०२.११के आणि ८०२.११आर, २०११ मध्ये ८०२.११व्ही ही परिशिष्टे आली. त्यांनी केंद्राला फोनला शेजारच्या केंद्रांची यादी देण्याची, दुसरीकडे जाण्याची सूचना करण्याची आणि हस्तांतर झटपट उरकण्याची सोय दिली. त्यांच्या बळावर २०१६ पासून ईरो, गूगल वायफाय अशी मेश यंत्रे बाजारात आली. एकाच कंपनीची दोन-तीन केंद्रे, नाव एकच, आणि आतून परस्परांशी बोलणे चालू. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना हे जमावे म्हणून वायफाय अलायन्स या उत्पादकांच्या संघटनेने २०१८ मध्ये ईझीमेश मानक मांडले. घर मोठे असेल, माणसे फोन घेऊन वावरत असतील आणि खर्चाची तयारी असेल तर मेश उत्तमच. पण तिथेही केंद्र सुचवते, फोन ठरवतो. १९९७ ची वाटणी बदललेली नाही.

मेश आल्यानंतरही दुसरे नाव संपले नाही. पुष्कळसे स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतात. एकाच नावाखाली दोन्ही पट्टे असले की त्यांतले काही मांडणीच्या वेळी अडतात, आणि त्यांच्यासाठी निराळे नाव काढावे लागते. टीव्ही, डेस्कटॉप, मागच्या खोलीतला अभ्यासाचा लॅपटॉप ही जागा न सोडणारी यंत्रे आहेत. त्यांना एकदा एक्स्टेंडरचे नाव दिले आणि राउटरचे नाव विसरायला लावले, की ती त्याच केंद्रावर स्थिर राहतात. खिशातल्या फोनला दोन्ही नावे ठाऊक असावीत. एका राउटरच्या आणि एका साध्या एक्स्टेंडरच्या घरात वेगळे नावच योग्य. त्या नावात 'मागची खोली' असा ठिकाणाचा उल्लेख करावा, पण तो रोमन लिपीत, कारण देवनागरीत तेवढ्यालाच अठ्ठावीस बाइट लागतात आणि घराच्या नावाला जागा उरत नाही.